बिनबोलाची वरात

माझा जन्म झाला त्या दिवशी
बाप बोलू शकला नाही.
त्याच्या पाठीवर नवरी होती.

नवरी म्हणजे निळसर बर्फाची लादी,
आतल्या आत पाझरणारी,
वाळुंजाच्या टोपलीत, कोळसा नि जवाच्या भुशाच्या गादीवर बसवलेली.
नवरा पलीकडच्या खोऱ्यातला, काळपट,
अंगभर दगडगोटे, जागचा न हलणारा.
आमच्या बाल्टी लोकांत हिमनद्यांनाही नर-मादी असते,
आणि सोयरीक जुळवताना म्हातारे एवढंच बघतात
की कोण वाहतं आणि कोण धरून ठेवतं.

चौदा माणसं. वाजंत्री नाही.
टोपली वाटेत टेकवायची नाही.
पायाखाली मुंगी येऊ द्यायची नाही.
तोंडातून शब्द काढायचा नाही;
माणसाचा आवाज ऐकला की बर्फ नांदत नाही,
असं अखोंदसाहेब सांगायचे,
आणि खोकला आला की स्वतःच टोपीत तोंड खुपसायचे.

तिसऱ्या चढावर आतेभाऊ झाकिर खालून धावत आला.
सांगायचं होतं, सांगता येत नव्हतं.
त्यानं बापापुढे मूठ उघडली :
जर्दाळूची एक बी. अख्खी, न फुटलेली.
म्हणजे बाळ-बाळंतीण सुखरूप.
मुलगा की मुलगी, याची खूण कुणी ठरवलीच नव्हती.
बापानं बी गालात धरली आणि पाऊल उचललं.
रात्री घरी आल्यावर ती काढून आईच्या हातावर ठेवली.
तेव्हाही तो लगेच बोलला नाही.
सवय मोडायला वेळ लागतो, आई म्हणते.

वर, जिथे ऊन जूनमध्येसुद्धा वाट चुकतं,
त्या कपारीत दोघांना शेजारी निजवलं.
मध्ये सिंधूच्या पाण्यानं भरलेले भोपळे,
वर कोळसा, भुसा, दगड.
संसार लागायला बारा वर्षं, म्हणाले.

त्या बारा वर्षांत
गावामागची थोरली हिमनदी, जिच्या पाण्यावर पणज्यांनी गहू काढला,
मागे सरत सरत एक तळं टाकून गेली,
आणि एका रात्री ते तळं फुटलं.
अकरा शेतं गेली. कुलसुमची पाणचक्की गेली,
जात्याचा वरचा दगड तेवढा दोन कोसांवर सापडला.
तिला पळवलं कुणी?
‘आपण नाही,’ बाप म्हणाला,
मग अंगणातल्या जनरेटरकडे बघत राहिला.

तेराव्या वर्षी त्यानं मला वर नेलं,
पाठीवर भुशाचं पोतं देऊन.
दरवर्षी कुणीतरी पांघरूण घालायला जातंच;
लग्न लावून दिलं म्हणून काम संपत नाही.
मी दगडाला कान लावला.
आत काहीतरी ठिबकत होतं, की माझंच रक्त?
गेल्या हिवाळ्याचा साधा बर्फही असेल.
‘आहे का ते?’ मी मोठ्यानं विचारलं,
आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

बाप रागावला नाही.
वाकून दोन दगड बाजूला केले.
खालून पाणी येत होतं,
करंगळीएवढं, मळकट, हट्टी.
माझ्या आवाजानं ते थांबलं नाही.

आता गुरुवारी मध्यरात्री आमची पाळी असते.
पाटाचा दगड मी काढते, तीन वाजता पुन्हा लावते,
कारण तीननंतर पाणी कुलसुमचं.
कधी पाच मिनिटं उशीर होतो. तिला कळतं.
सकाळी ती माझ्या हातात ताकाची वाटी देते
आणि किती वाजता झोपलीस, एवढंच विचारते.

ती बी आईनं पाटाच्या अगदी टोकाला लावली होती,
जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, पोचलं तर.
‘वर चढायची गरज नाही,’ बाप म्हणतो; गुडघे गेलेत त्याचे.
‘झाड बघून ये.’

यंदा सत्तावीस जर्दाळू लागले.
मोजले, कारण मोजता येण्याइतकेच होते.